धुरीची खोली

"चावी कुठाय?" मी विचारलं.

सम्मेदनं खिशातून गाडीची चावी काढली आणि माझ्यासमोर नाचवली. "ही काय. का?"

"मग गाडी कुणी सुरू केली?"

आमची जेवणं नुकतीच उरकली होती. आमच्या जैनांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवतात, त्यामुळे दिवेलागणीची वेळ अगदी मोकळी असते, आणि मोकळ्या वेळेत कान जरा जास्तच उघडे राहतात. घराच्या मागच्या बाजूनं आवाज येत होता. तोंड मिटून कुणी गुणगुणावं तसा, खालच्या पट्टीतला. सम्मेदनं कान दिला, आणि नेमका त्याच वेळी शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर धडधडत रस्त्यानं गेला. तो गेल्यावर पाहावं तर सगळं चिडीचूप.

"ट्रॅक्टरच होता," सम्मेद म्हणाला. "चेलना, तू पुण्यात वाढलीस. तुला इथं शांततेचाच आवाज येतोय."

असं टोचून बोलण्यात माझ्या नवऱ्याचा हात कुणी धरणार नाही. पण आवाज ट्रॅक्टरचा नव्हता. तो धुरीच्या खोलीतून आला होता आणि धुरीच्या खोलीत आमच्या कैलासवासी सासऱ्यांची गाडी उभी होती.

याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमचं गाव मिरजेहून तासगावकडे जाताना लागतं. सगळा द्राक्षांचा आणि बेदाण्याचा मुलूख. बेदाण्याला पिवळा रंग धरावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, त्यासाठी मागच्या अंगणात एक खोली बांधून घेतली होती. तिला खिडकी नव्हती. ट्रॅक्टर जाईल एवढ्या मोठ्या दाराला चहूबाजूंनी रबराची पट्टी होती, आतला धूर केसभरही बाहेर येऊ नये म्हणून. दारावर अण्णांनी स्वतःच्या हातानं लाल रंगात लिहिलं होतं : 'आधी दार उघडा. थोडं थांबा. मग आत जा.' पुढे त्यांनी बेदाण्याची शेड माळावर नेली आणि ही खोली रिकामी पडली.

अण्णांना मी एकदाच पाहिलं होतं, मला बघायला आले होते तेव्हा. आमच्या बैठकीत शिरल्या शिरल्या, पाणीसुद्धा न घेता, त्यांनी आधी खिडकी उघडली होती. "माणसं बसलीत आत, वारा येऊ दे," म्हणाले. धुरीच्या कामात जन्म गेला, त्याची ती सवय. मला ते फार आवडले होते. लग्नाच्या आधीच छातीत कळ येऊन गेले.

गाडी त्यांनी आक्कांसाठी घेतली होती. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई, नाव सुनंदा. त्यांना गाडी लागायची, आणि अशी तशी नाही, एस.टी. नुसती जवळून गेली तरी पोटात ढवळायचं. पेट्रोल-डिझेलचा वासच त्यांना सोसत नव्हता. त्यापायी बिचाऱ्यांना जन्मात कुठं जाता आलं नाही. श्रवणबेळगोळला जाऊन बाहुबलीचं दर्शन घ्यायची तेवढी एक इच्छा होती, तीही तशीच राहिली होती. मग सरकारनं हायब्रिड गाड्यांना रस्ता करात सूट दिली. आमच्या तालुक्यात त्याचा मोठा कार्यक्रम झाला. पुढाऱ्यांनी 'धूर नाही, आवाज नाही' असं माईकवरून सांगितलं, नव्या गाड्यांच्या काचेवर हिरव्या पानाचा गोल कागद चिकटवून दिला. गावानं असल्या गाडीचं नाव 'लायटीची गाडी' ठेवून टाकलं. अण्णा घरी येऊन आक्कांना म्हणाले, "आता तुला वास येणार न्हाई. आता जाऊ या." गाडी दारात आली, पूजा झाली, आणि जायच्या आधीच अण्णा गेले.

गाडी राहिली. ती चालवायची म्हणजे सम्मेदच्या नावावर करायला हवी, आणि त्या सुटीला एक अट होती : गाडी ठरावीक वर्षं पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली पाहिजे, मधे नाव बदललं की सूट परत भरा. मालकच वारला तर काय, हे अट लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं. सम्मेदनं ठरवलं, मुदत संपेपर्यंत गाडी उभी राहू दे. धूळ, उंदीर, खारी यांच्यापासून सुरक्षित जागा कुठली? धुरीची खोली. अण्णांच्या मोबाईलवर मात्र परिवहन खात्याचे संदेश येतच होते. 'प्रिय वाहनमालक' अशी सुरुवात असायची. आक्का तो मोबाईल रोज चार्जिंगला लावायच्या.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी स्वतःच मागे गेले. दार ओढलं तर जड लागलं, मग रबर सुटल्याचा फस्स आवाज झाला. आत गाडीच्या पडद्याचा निळसर उजेड होता. पुढच्या डाव्या सीटवर आक्का बसल्या होत्या. उजवीकडची, चालवणाऱ्याची सीट रिकामी होती. त्या रिकाम्या सीटवर पट्टा लावलेला होता आणि पट्ट्याखाली अण्णांची पांढरी टोपी.



आक्कांनी काच खाली केली. "दार लाव आधी," त्या म्हणाल्या. "आत ये, न्हाईतर बाहीर जा. उघडं ठेवू नको."

मी दार लावून मागच्या सीटवर बसले. आत छान गार होतं. बाहेर एप्रिलचा उकाडा आणि इथं डोंगरावर आल्यासारखं.

"आक्का, तुमच्याकडे चावी?"

"ह्यांची हाय." त्यांनी पदराची गाठ दाखवली. "सम्मेदकडं एक आणि माझ्याकडं एक. त्याला सांगू नकोस, काढून घेईल. ह्यांनी शिकवलं हुतं मला. ब्रेकवर पाय ठेवायचा आणि बटण दाबायचं. मग हिकडं येऊन बसायचं. मी रोज येतो."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलतात. सुरुवातीला मला त्याचं हसू यायचं. त्या संध्याकाळी नाही आलं.

"रोज बसून काय करता?"

"वाट बघतो."

"कुणाची?"

गाडी पूर्ण गप्प होती. कानात स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग पायाखाली काहीतरी हललं. गाडीला एक हलका शहारा आला आणि तो गुणगुणणारा आवाज सुरू झाला. आक्कांचे दोन्ही हात मांडीवर होते. कुणी कशाला हात लावला नव्हता.

"आले," आक्का म्हणाल्या, आणि नव्या नवरीसारखा पदर सारखा केला.

माझी पाचावर धारण बसली. आक्का रिकाम्या सीटकडे वळून हळू आवाजात घरातल्या गोष्टी सांगू लागल्या. यंदा छाटणी उशिरा झाली, सून बरी आहे, भाकरी जाड थापते. मधेच थांबायच्या, मान हलवायच्या, जसं पलीकडून उत्तर आलंय. मग गाडी आपोआप गप्प झाली. थोड्या वेळानं पुन्हा शहारा, पुन्हा आवाज. माझं डोकं जड झालं होतं. निळ्या उजेडात ती टोपी किंचित वर उचलल्यासारखी दिसली, जणू तिच्याखाली कुणाचं तरी डोकं आहे. मी शपथेवर सांगते, मला ती तशी दिसली.

"आक्का, चला ना," मी कसंबसं म्हटलं.

बाहेर आल्यावर अंगणातल्या पेरूखाली मला भडभडून ओकारी झाली. आक्का पाठीवरून हात फिरवत होत्या. "भ्यालीस व्हय," म्हणाल्या. "पयल्यांदा मलाबी असंच झालं हुतं. डोकं दुखतंय, पण मागनं बरं वाटतंय."

"ते बोलतात तुमच्याशी?"

"बोलतात की."

"काय?"

"एकच बोलतात रोज." त्यांचा चेहरा जरा पडला. "काय ते माझं मी बगीन. तू नको इचारू."

त्या रात्री मी सम्मेदला चावीबद्दल सांगितलं नाही, पण आवाजाबद्दल पुन्हा सांगितलं. म्हटलं, "अण्णा अजून आहेत या घरात."

तो आधी हसला, मग गंभीर झाला. "आपल्यात असं नसतं, चेलना. जीव देह सोडतो त्या क्षणाला दुसरीकडे जन्म घेतो. तो मागे रेंगाळत नाही."

सकाळी मी हेच आक्कांना ऐकवलं. त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शास्त्रात रेंगाळत न्हाई, खरं हाय. पण सरकारनं ह्यांचं नाव अजून सोडलंय का? गाडी ह्यांची, नंबर ह्यांचा, येणारा मेसेज ह्यांना. सरकारला ठावं न्हाई व्हय कोण हाय आणि कोण न्हाई?"

मला वाद घालायला आवडतं, पण या वादात मी गारद झाले.

मी पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. आक्का मात्र रोज जात राहिल्या, आणि दिवसेंदिवस जास्त वेळ. त्यांच्या गालांवर लाली दिसू लागली. शेजारच्या बायका म्हणायच्या, आक्काच्या तोंडावर तेज आलंय, दुःखातून सावरल्या. मी एका घरात राहत होते, मला वेगळं दिसत होतं. त्या चालताना तोल जाऊन भिंत धरायच्या. दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून विसरायच्या. एकदा मला त्यांनी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. खोलीच्या उंबऱ्याशी आतल्या बाजूला एक चिमणी मरून पडलेली मला दिसली, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

माझी खात्रीच पटली की अण्णा त्यांना न्यायला आलेत. रोज थोडं थोडं करून नेत आहेत. इतका चांगला माणूस, खिडकी उघडून वारा घेणारा, आणि बायकोला असं ओढून नेतोय, याचा मला संताप यायचा आणि लगेच भीती वाटायची. मला आई नाही. आक्का भाकरीला नावं ठेवत, पण पहिली भाकरी माझ्याच ताटात वाढत. त्या गेल्या असत्या तर मी या घरात परकीच उरले असते. पण अडवलं तर त्या ऐकायच्या नाहीत, आणि सम्मेदला सांगितलं तर तो चावी काढून घेईल, मग त्या मला कधी माफ करणार नाहीत, असं वाटायचं.

अशात एका संध्याकाळी भूपाल चौगुले आले. आर.टी.ओ.ची कामं करून देणारे एजंट. गाव त्यांना भूपालमामा म्हणतं. सम्मेदनंच बोलावलं होतं, अटीतून काही वाट निघते का ते विचारायला. दिवस मावळतीला टेकला होता. आक्का जेवण आटोपून मागे गेल्या, ते मी पाहिलं आणि नेहमीसारखं मन घट्ट केलं.

"वाट न्हाई," भूपालमामांनी चहाची बशी खाली ठेवली. "नाव हललं की सूट गेली. वारसाचं असलं तरी. मी सायबाला इचारून आलोय. तुमी मुदत संपूस्तोर थांबा. फक्त गाडी नुसती उभी ठेवू नगासा. अधनंमधनं फिरवा, न्हाईतर टाकीतलं पेट्रोल शिळं हुतंय."

"पेट्रोल?" मी दारातून म्हटलं. "लायटीच्या गाडीत पेट्रोल कशाला?"

दोघंही मोठ्यानं हसले.

"वैनी, तिला लायटीची गाव म्हणतंय," भूपालमामा म्हणाले. "सरकारनं सूट द्याय लायटीत धरली, एवढंच. दोन्ही हाय तिच्यात. बॅटरी हाय आणि इंजानबी हाय. बॅटरी भरल्याली आसंल तवर गप्प. एसी लावून बसला आणि बॅटरी उतरली, की इंजान चालू हुतंय."

"कोण चालू करतं?"

"कोन कशाला लागतंय? तिचं ती चालू हुती, तिचं ती बंद हुती. बटण दाबून ठेवलं की झालं."

मला सगळं ऐकू येत होतं पण खूप लांबून. "आणि धूर?"

"आता इंजान म्हटल्यावर धूर आलाच की. दिसत न्हाई, वास न्हाई, पण यायचा तो येतोयच."

सम्मेदचं हसणं अजून संपलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. "सम्मेद, आक्कांकडे दुसरी चावी आहे."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. धुरीच्या खोलीत दार लावून बसणं म्हणजे काय, हे त्या घरात जन्मलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तो अनवाणीच धावला. मी मागे, भूपालमामा माझ्या मागे.

दार उघडेना. रबर चिकटून बसलं होतं, आतून कुणी धरून ठेवल्यासारखं. अण्णांची लाल अक्षरं माझ्या नाकासमोर होती. दोघांनी मिळून हिसका दिला तेव्हा ते फस्स करून सुटलं आणि आतली कोंदट, गरम हवा तोंडावर आली. सम्मेद आत घुसणार, तोच भूपालमामांनी त्याला कमरेला धरून मागे ओढलं. "थांब! वारा जाऊ दे आत!"

ते काही क्षण मी आयुष्यात विसरणार नाही. गाडी गुणगुणत होती. निळ्या उजेडात आक्कांची मान उजव्या बाजूला कललेली, कुणाच्या खांद्यावर टेकावी तशी. गाल लालबुंद. ओठांवर हसू. शेजारच्या सीटवर पट्टा लावलेला आणि टोपी. मग, आमच्यापैकी कुणी हातही लावला नव्हता तरी, गाडी आपोआप गप्प झाली.

आक्कांना बाहेर काढून पेरूखाली आडवं केलं. श्वास चालू होता, अगदी बारीक. भूपालमामांनी आपली जीप आणली. डिझेलची, धूर ओकणारी, जिच्या जवळूनही आक्का कधी गेल्या नसत्या अशी. सगळ्या खिडक्या उघड्या टाकून आम्ही मिरजेला निघालो. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अर्ध्या रस्त्यात त्यांनी डोळे उघडले, नाक आक्रसलं आणि माझ्या साडीवर ओकल्या. मला इतका आनंद आयुष्यात कशाचा झाला नाही. मी रडत रडत त्यांचं तोंड पुसलं.

दवाखान्यात त्यांना ऑक्सिजनवर ठेवलं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, या वायूनं डोकं दुखतं, भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, बोलतात. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. सम्मेद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आक्का शुद्धीवर आल्यावर त्यानंच त्यांना सगळं समजावलं. पेट्रोल, इंजिन, धूर. त्यांनी ऐकून घेतलं आणि डोळे मिटले.

"म्हणजे ते नव्हतेच," त्या म्हणाल्या.

"नव्हते, आक्का."

त्या रडल्या नाहीत. मला वाटतं, अण्णा त्यांच्यापुरते त्या दिवशी गेले.

घरी आल्यावर सम्मेदनं पहिलं काम केलं ते भूपालमामांना बोलावून गाडी स्वतःच्या नावावर करायला सांगण्याचं. सूट गेली तर गेली. अण्णांच्या मोबाईलवर शेवटचा एक संदेश आला आणि नंतर येणं थांबलं. दुसरं काम धुरीच्या खोलीचं. सुतार बोलावून ते दारच बिजागऱ्यांपासून काढायला लावलं.

त्या सकाळी आक्का पेरूखाली खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसून शेंगा सोलत होते. सुतारानं वरची बिजागरी सोडवली. दार वाकडं झालं, लाल अक्षरं तिरकी झाली, आणि इतक्या महिन्यांनी खोलीत सकाळचं ऊन शिरलं.

"चेलना," आक्का म्हणाल्या, "तू त्या दिवशी इचारलं हुतंस बग. ते काय बोलतात म्हणून."

"जाऊ दे आता, आक्का. डॉक्टर म्हणाले ना, तो भ्रम होता."

"आसंल. डाक्टर शिकल्याला हाय." त्या दाराकडेच बघत होत्या. "रोज एकच म्हणायचे. दार उघड. सुनंदा, दार उघड. दुसरं काय बोलायचेच न्हाईत. चिडायचेसुद्धा कधी कधी."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मला वाटलं, जायाचंय त्यास्नी. मला सोडून निगालेत." आक्कांनी पदर तोंडाशी धरला. "म्हणून मी दार आणखीनच घट्ट लावत हुतो."